सेंद्रिय फ्लुओरीन संयुगांचे संश्लेषण

सेंद्रिय फ्लुओरीन संयुगांचे संश्लेषण : कार्बन व फ्लुओरीन यांच्यात थेट बंध असलेली संयुगे प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात तयार करण्याच्या पद्धती. नॉनस्टिक तव्यावरचा टेफ्लॉनचा थर, सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी, पेट स्कॅनपूर्वी शिरेत टोचले जाणारे किरणोत्सारी ग्लुकोज, या सगळ्यांत हा बंध आहे. निसर्गाने मात्र तो जवळजवळ टाळलाच आहे. पृथ्वीच्या कवचातील विपुलतेच्या क्रमात फ्लुओरीन तेराव्या स्थानी असूनही सजीवांनी बनवलेली अशी संयुगे अगदी मोजकी सापडली आहेत. त्यामुळे वापरातले जवळपास प्रत्येक सेंद्रिय फ्लुओरीन संयुग माणसाला मुद्दाम घडवावे लागते.

खरी अडचण फ्लुओरीनच्या स्वभावात आहे. रसायनज्ञाच्या हाती ते दोन रूपांत येते आणि दोन्ही टोकाची आहेत. फ्लुओरीन वायूच्या रेणूतला बंध दुबळा (सु. १५८ किलोज्यूल प्रतिमोल), तर त्यातून तयार होणारा कार्बन–फ्लुओरीन बंध अतिशय बळकट (सु. ४८५ किलोज्यूल प्रतिमोल). सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडताच इतकी उष्णता बाहेर पडते की कार्बनची साखळीच तुटते, पुष्कळदा पदार्थ पेट घेतो. दुसरे रूप फ्लुओराइड आयनाचे. पाण्याचे रेणू त्याला हायड्रोजन बंधांनी घट्ट वेढून टाकतात आणि तो जागचा हलत नाही. पाणी काढून टाकावे तर तो तीव्र आम्लारीसारखा (अल्कलीसारखा) वागून नको तिथला प्रोटॉन ओढून घेतो. यांच्या मधले सौम्य रूप आयते मिळत नाही. खाली दिलेल्या पद्धतींकडे ते मधले रूप घडवण्याचे प्रयत्न म्हणून पाहिले, की त्यांची संगती लागते.

सर्वांचा मूळ कच्चा माल फ्लुओरस्पार, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइडाचे खनिज. भारतात गुजरातेतील आंबाडोंगर आणि महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे त्याचे साठे आहेत. तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवले की त्यातून हायड्रोजन फ्लुओराइड मिळते. ते १९.५° से.ला उकळते, काच खाते, आणि कातडीवर पडले तर आत झिरपून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. वरवर किरकोळ दिसणारी भाजणूक त्यामुळे प्राणघातक ठरू शकते. जिथे हे द्रव्य हाताळतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी ठेवणे अनिवार्य समजले जाते.

कार्बन–फ्लुओरीन बंधाचे संश्लेषण मूलद्रव्य वेगळे होण्याआधीच सुरू झाले. द्यूमा आणि पेलिगो यांनी १८३५ मध्ये डायमिथिल सल्फेट व पोटॅशियम फ्लुओराइड यांपासून मिथिल फ्लुओराइड मिळवले. फ्लुओरीन वायू पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांनी २६ जून १८८६ रोजी, प्लॅटिनमच्या नळीत निर्जल हायड्रोजन फ्लुओराइडाचे विद्युत अपघटन करून वेगळा केला. पुढची मोठी मजल बेल्जियमच्या फ्रेदेरिक स्वार्ट्‌स यांची. १८९२ च्या सुमारास त्यांनी अँटिमनी फ्लुओराइड वापरून सेंद्रिय संयुगातल्या क्लोरीनच्या जागी फ्लुओरीन बसवला. इथे अँटिमनी मध्यस्थाचे काम करतो : क्लोरीन ओढून घेतो, फ्लुओरीन देतो, आणि हायड्रोजन फ्लुओराइडाच्या साहाय्याने पुन्हा ताजा होतो. याच अभिक्रियेने कार्बन टेट्राक्लोराइडापासून फ्रिऑन–१२ हे शीतकपाटातले प्रशीतक मोठ्या प्रमाणावर बनू लागले. अशा संयुगांमुळे ओझोन थर विरळ होतो हे उमगल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारापासून त्यांच्यावर निर्बंध आले. टेफ्लॉनचा पायाही याच वळणाचा आहे : क्लोरोफॉर्मपासून क्लोरोडायफ्लुओरोमिथेन, ते उच्च तापमानाला भाजून टेट्राफ्लुओरोएथिलीन, आणि त्याचे बहुवारिक म्हणजे टेफ्लॉन.

बेंझीन वलयावर फ्लुओरीन बसवण्याचे दोन मार्ग औषधनिर्मितीत सर्वाधिक महत्त्वाचे आहेत. पहिला बाल्झ व शीमान यांच्या नावाचा (१९२७). ॲनिलिनाचे (अमिनो गट असलेल्या बेंझीनचे) डायॲझोनियम लवण, म्हणजे वलयाला नायट्रोजनाची जोडी चिकटलेले अस्थिर लवण, करून ते टेट्राफ्लुओरोबोरेटच्या रूपात साक्यासारखे खाली बसवतात, गाळून सुकवतात आणि तापवतात. नायट्रोजन व बोरॉन ट्रायफ्लुओराइड निघून जातात, वलयावर फ्लुओरीन उरतो. बहुतेक डायॲझोनियम लवणे सुकी हाताळणे धोक्याचे असते. टेट्राफ्लुओरोबोरेट त्या मानाने शांत असल्यामुळे ही पद्धत रूढ झाली. तरीही सुके लवण मोठ्या प्रमाणात तापवणे जोखमीचेच. म्हणून कारखान्यांत बऱ्याचदा ॲनिलिनावर सरळ निर्जल हायड्रोजन फ्लुओराइडातच प्रक्रिया करतात.

दुसरा मार्ग हॅलोजन–अदलाबदलीचा. कारखान्याच्या भाषेत ‘हॅलेक्स’. वलयावर क्लोरीन असावा आणि त्याच्या ऑर्थो (लगतच्या) किंवा पॅरा (समोरच्या) स्थानी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा नायट्रो वा सायनो गट असावा. मग डायमिथिल सल्फॉक्साइड किंवा सल्फोलेनसारख्या विद्रावकात पोटॅशियम फ्लुओराइडाबरोबर तापवले की क्लोरीन जाऊन फ्लुओरीन येतो. कागदावर सोपी दिसणारी ही अभिक्रिया प्रत्यक्षात पाण्याच्या थेंबावर अडते. लवण ओले असेल तर फ्लुओराइड निपचित पडतो. इतकेच नव्हे, पाण्यामुळे फिनॉलसारखे नको ते पदार्थ बनतात. ‘कोरडे’ म्हणजे किती कोरडे, हा इथला खरा प्रश्न आहे, आणि तयार मालाचा उतारा बहुतांशी त्यावरच ठरतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधात फ्लुओरीन शेवटी बसवत नाहीत. तो आधीच असलेल्या वलयापासूनच बांधणी सुरू होते.

रेणूतले सगळेच हायड्रोजन बदलायचे असतील तर पद्धती निराळ्या. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियम समृद्ध करताना लागणाऱ्या युरेनियम हेक्झाफ्लुओराइडाच्या संपर्कात टिकणारी वंगणे हवी होती. तेव्हा कोबाल्ट ट्रायफ्लुओराइडावरून हायड्रोकार्बनांची वाफ नेण्याची पद्धत पुढे आली. जोसेफ सायमन्स यांनी निर्जल हायड्रोजन फ्लुओराइडात निकेलच्या धनाग्रावर विद्युत अपघटन करून तेच साधले. या दुसऱ्या वाटेने बनलेल्या परफ्लुओरो (साखळीतले सगळे हायड्रोजन फ्लुओरीनने बदललेल्या) आम्लांपैकी काही आता पाण्यात, मातीत आणि माणसांच्या रक्तात आढळतात. जो बंध त्यांना उपयोगी करतो, तोच त्यांना विघटित होऊ देत नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात परफ्लुओरोऑक्टेन सल्फॉनिक आम्लाची नोंद २००९ मध्ये, तर परफ्लुओरोऑक्टॅनॉइक आम्लाची २०१९ मध्ये झाली.

औषधशास्त्रज्ञांना याच्या उलट हवे असते : मोठ्या, नाजूक रेणूवर नेमक्या एका जागी एकच फ्लुओरीन. जोसेफ फ्रीड आणि एमिली साबो यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हायड्रोकॉर्टिसोनच्या नवव्या कार्बनावर तो बसवला. औषधाचा प्रभाव सुमारे दहापट वाढला आणि औषधरसायनाचे लक्ष या मूलद्रव्याकडे वळले. हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लुओरीन आणण्यासाठी पुढे सल्फर टेट्राफ्लुओराइड हा विषारी वायू आणि त्याचे द्रवरूप सौम्य भावंड ‘डास्ट’ आले. तेही जास्त तापवले तर फुटते. इलेक्ट्रॉन-समृद्ध कार्बनासाठी नायट्रोजन–फ्लुओरीन बंध असलेले घन अभिक्रियाकारक मिळतात. त्यांपैकी १९९० च्या दशकात आलेले ‘सिलेक्टफ्लोर’ मला सर्वांत मोलाचे वाटते. ते बनवणारा कारखाना फ्लुओरीन वायूशी झुंजतो, पण वापरणाऱ्याला हवेत तोलता येणारी आणि काचेच्या भांड्यात चालणारी पांढरी पूड मिळते. ट्रायफ्लुओरोमिथिल गट जोडण्यासाठी रूपर्ट–प्रकाश अभिक्रियाकारक वापरतात. तो रूपर्ट यांनी १९८४ मध्ये प्रथम तयार केला. बेंगळुरूत जन्मलेले सूर्य प्रकाश आणि जॉर्ज ओला यांनी १९८९ मध्ये त्याचा संश्लेषणातला उपयोग दाखवून दिला.

फ्लुओरीन–१८ या किरणोत्सारी समस्थानिकाचे रसायन घड्याळाकडे पाहत करावे लागते, कारण त्याचा अर्धायुकाल फक्त ११० मिनिटे आहे. सायक्लोट्रॉन या कण वेगवान करणाऱ्या यंत्रात ऑक्सिजन–१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉन आदळून फ्लुओराइड मिळतो, पण तो पाण्यात, म्हणजे निपचित. त्याला जागे करण्यासाठी ‘क्रिप्टोफिक्स’ हा पिंजऱ्यासारखा रेणू पोटॅशियम आयन आत कोंडून घेतो आणि ॲसिटोनायट्राइलबरोबर पाणी उडवून लावतात. मोकळा झालेला फ्लुओराइड मॅनोज या शर्करेच्या ट्रायफ्लेटवर (सहज सुटून जाणारा गट जोडलेल्या रूपावर) मागच्या बाजूने आघात करतो. त्या कार्बनाची रचना उलटते आणि ग्लुकोजच्या घडणीचे संयुग तयार होते. इतर हायड्रॉक्सिल गट झाकणारे संरक्षक गट काढले की फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज तयार. जर्मनीतील यूलिश येथे हामाखर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दिलेली ही रीत आज जगभर चालते. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळ येथे सुरू झाला.

निसर्गाची स्वतःची पद्धतही आता कळली आहे. डेव्हिड ओ’हेगन यांच्या गटाने २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस कॅटलिया या जीवाणूतले ‘फ्लुओरिनेज’ हे विकर ओळखले. ते फ्लुओराइडाभोवतालचे पाणी सोडवून घेऊन त्याला कार्बनाशी जोडते, तेही साध्या तापमानाला. ऑक्सफर्डच्या वेरोनिक गुव्हेर्नर यांच्या गटाने २०२३ मध्ये फ्लुओरस्पार आणि पोटॅशियम फॉस्फेटाचे लवण पोलादी गोळ्यांच्या चक्कीत एकत्र दळून फ्लुओरीन देणारी पूड मिळवली. त्या वाटेत हायड्रोजन फ्लुओराइड कुठेही लागत नाही.