पायोनियर लीग : ‘पार्टनर’ या शब्दामागचा इतिहास

पायोनियर लीग ही अमेरिकेतली धाकट्या दर्जाची बेसबॉल लीग. ती १९३९ मध्ये सुरू झाली. संघ सहा, राज्यं दोन : आयडाहो आणि युटा. युद्धामुळे १९४३ ते १९४५ खेळ बंद राहिला. १९४८ मध्ये मोंटानातली बिलिंग्ज आणि ग्रेट फॉल्स ही गावं आली. आधी दर्जा ‘क्लास सी’ होता, १९६४ पासून ती नवख्यांची ‘रूकी’ लीग झाली. जूनमध्ये पोरं यायची आणि सप्टेंबर उजाडला की मोसम संपायचा.

संघाच्या नावावर बहुतेकदा गावापेक्षा पालक क्लबचा, म्हणजे त्याला खेळाडू पुरवणाऱ्या मोठ्या लीगमधल्या क्लबचा, हक्क जास्त. ग्रेट फॉल्समध्ये जायंट्स, डॉजर्स, व्हाइट सॉक्स अशा पाट्या बदलत गेल्या. २००८ मध्ये गावाने स्वतःच्या आठवणीतून नाव काढलं : ‘व्हॉयेजर्स’, म्हणजे प्रवासी. ऑगस्ट १९५० मध्ये तिथल्याच मैदानावर संघाच्या जनरल मॅनेजरने आकाशातून जाणाऱ्या दोन चकाकत्या वस्तू कॅमेऱ्यात टिपल्या होत्या. आजही गावात त्यावर बोललं जातं.

लीगचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र पालक नसलेल्या संघाच्या नावावर आहे. १९८७ मध्ये सॉल्ट लेक ट्रॅपर्सने सलग २९ सामने जिंकले. व्यावसायिक बेसबॉलमधला आधीचा विक्रम २७ चा होता. संघात होती कुणीच न निवडलेली किंवा इतरांनी सोडून दिलेली पोरं. पण त्या शहरावर वरच्या दर्जाच्या लीगची नजर गेली, आणि १९९२ च्या मोसमानंतर ट्रॅपर्सना तिथून हलावं लागलं. पुढे जे झालं त्याची ही रंगीत तालीमच होती.

२०१९ च्या शरद ऋतूत मोठ्या लीगचा (मेजर लीग बेसबॉलचा) प्रस्ताव बाहेर फुटला : पालक क्लबशी जोडलेल्या १६० संलग्न संघांपैकी ४२ कमी करायचे. कारणं सांगितली गेली ती निकृष्ट मैदानांची, लांबच्या प्रवासाची आणि खेळाडूंच्या तुटपुंज्या पगाराची. प्रवासाचं खरं होतं, लीगमधल्या मिझूला गावातून ग्रँड जंक्शनला बसने जायला अख्खा दिवस जातो. पगाराचंही खरं होतं. पण मैदानांचं कारण सगळ्यांना लागू पडत नव्हतं. बिलिंग्जच्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी देऊन नवं मैदान उभारलं होतं, २००८ मध्ये. सिनसिनाटी रेड्स या पालक क्लबशी त्यांचं नातं १९७४ पासूनचं. तेही तुटलं. २०२० चा मोसम साथीमुळे झालाच नाही, त्यामुळे निरोपाचा सामनाही नाही. शेवटी संलग्न संघ उरले १२०, आणि पायोनियरचे आठही संघ बाहेर.

बाहेर, पण नाव मिळालं ‘पार्टनर लीग’. हा शब्द नीट उलगडायला हवा. संलग्न संघाचे खेळाडू आणि प्रशिक्षक पालक क्लब पाठवतो आणि त्यांचा पगारही तोच देतो. गावाच्या मालकाने मैदान, बस आणि तिकीटविक्री सांभाळायची. पार्टनर झाल्यावर खेळाडू शोधणं आणि त्यांना पगार देणं हे दोन्ही मालकावर आलं. बदल्यात सुरुवातीच्या खर्चाला थोडा हातभार आणि खेळाडूंची कामगिरी मोजणारी यंत्रं. माझ्या मते ही भागीदारी नव्हे, काडीमोडानंतरची पोटगी आहे.

खेळाडू मात्र सहज मिळाले. मोठ्या लीगचे क्लब दरवर्षी करतात ती हौशी खेळाडूंची निवड पूर्वी ४० फेऱ्यांची असे, २०२० मध्ये ती पाचवर आली आणि पुढच्या वर्षापासून २० वर स्थिरावली. जे उरले, ते इथे आले. म्हणजे आता जवळपास प्रत्येक संघच ट्रॅपर्स झाला आहे.

नियमही स्वतःचे आले. नऊ डावांनंतर बरोबरी झाली की जादा डाव नाहीत. दोन्ही संघ एकेक फलंदाज पुढे करतात, प्रत्येकाला पाच चेंडू, ज्याचे होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) जास्त त्याचा संघ जिंकला. लोक घरी जायला उठलेले असतात ते कठड्यापाशी येऊन उभे राहतात.

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातून मोठ्या लीगचा संघ निघून गेला. त्याच वर्षी तिथे बॉलर्स हा नवा संघ पायोनियर लीगमध्ये उतरला, आणि त्याचे समभाग चाहत्यांनीही विकत घेतले. २०२५ चं विजेतेपद त्यांच्याकडे गेलं.