मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड येत नाही

दुपारी बांगड्याचं हुमण जेवलेल्या मुलाने संध्याकाळी दूध मागितलं, की गोव्यातल्या कित्येक घरांत आजही आजी हात धरते: ‘कोड येईल हां!’ ही समजूत खरी नाही. अंगावरचे पांढरे डाग, म्हणजे कोड, येतात ते शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते म्हणून. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, जेवणाचा नाही. कधीच मासे न खाणाऱ्यांनाही कोड होतं, आणि बंगालात दह्यातली मासळी पिढ्यान्‌पिढ्या मजेत खाल्ली जाते. माशाची ॲलर्जी असेल किंवा दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी, पण तो त्या एकेका पदार्थाचा प्रश्न. उलट तारले, बांगडे म्हणजे स्वस्तातली प्रथिनं आणि ओमेगा-३, दुधातून कॅल्शियम. वाढत्या मुलाच्या ताटातून ही नावं उगाच कापायची कशाला?

खरा त्रास शाळेत होतो. डाग असलेल्या मुलीशेजारी कुणी बसत नाही, तिच्या डब्यातलं घेत नाहीत. कोड संसर्गजन्य नाही, तो कुष्ठरोगही नाही. बाक, पाणी, डबा, खेळ कशानेही तो पसरत नाही. ‘तुमच्या खाण्यामुळेच झालं’ हे आईला ऐकवणं तर निव्वळ क्रूरपणा. शिक्षकांनी तिला वेगळं बसवू नये, आणि हे वर्गात एकदा स्पष्ट सांगावं.

मुलांच्या गालावरचा प्रत्येक फिकट डाग कोड नसतोच. बरेच कोरड्या त्वचेचे असतात आणि आपोआप जातात. शंका असेल तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात त्वचारोग विभाग आहे.