गडद पॉलिशच्या कपाटाच्या फोटोत अख्खी खोली का दिसते?

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेल्याची बातमी २०२३ मध्ये सगळीकडे झळकली. त्याच सागाला गडद वॉलनट शेड मारून गडचिरोलीतल्या आलापल्लीकडचा सुतार कपाटाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवतो, तेव्हा लाकडाचे रेषे कुठेच दिसत नाहीत. दिसतो उघडा दरवाजा, ट्यूबलाइट आणि फोटो काढणारा. मग कोणीतरी सांगतो, "उजेड जास्त झाला, कमी करा."

हा सल्ला चुकीचा आहे. उजेड निम्मा केला की लाकूडही निम्मे उजळते आणि चकाकीही निम्मी होते. दोघांतले प्रमाण तेच राहते.

मुळात पॉलिशवरून उजेड दोन वाटांनी परततो. काही पॉलिशच्या आत शिरतो, लाकडाला भिडतो आणि रंग घेऊन चहूकडे विखुरतो. गडद लाकडात हा वाटा फार थोडा, समजा शंभरातले ५. उरलेली वाट आरशाची. पॉलिशचा अपवर्तनांक (उजेड आत शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा) साधारण १.५, म्हणून समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के वरच्या वरच परततो. समोरची पांढरी भिंत शंभरातले ८५ परतवत असेल, तर तिचे प्रतिबिंब होते साडेतीनच्या आसपास, म्हणजे लाकडाच्या स्वतःच्या उजेडाच्या जवळपास तेवढेच. फिक्या लाकडावर ते लपून जाते, काळपटावर लपत नाही. आणि तिरपे पाहिले की आरसा बळावतो: लंबापासून ८० अंशांवर जवळपास ३९ टक्के! टेबलाचा वरचा भाग दुरून पांढराफटक दिसतो तो यामुळेच.

म्हणून विचार दिव्याचा नाही, कपाटाला काय "दिसते" याचा करायचा. दारावर हातआरसा सपाट टेकवा आणि लेन्सच्या जागेवरून त्यात पाहा. जे आरशात दिसेल तेच फोटोत येईल. आरसा वर, खाली, कडेला सरकवून पूर्ण दार तपासा.

आता खोली बदला. कॅमेरा ट्रायपॉडवर, कपाटाच्या मध्याच्या उंचीवर, निदान ८-१० फूट लांब. त्याच्यापुढे काळे कापड टांगून लेन्सपुरते भोक ठेवा. बिछायत केंद्रातून पांढरा पडदा आणून एका बाजूला लावा, दिवा त्याच्या मागे, मध्यभागी नव्हे तर एका कडेला. पडद्याचा उजेड कडेकडून हळूहळू मावळतो आणि दारावर तोच चढउतार उमटतो. चकाकी पूर्ण मारू नका, नाहीतर पॉलिश मॅट वाटते. पडद्याला सुरकुती असेल तर तीही दारावर उतरते, तेव्हा इस्त्री करा.

टेबलाच्या वरच्या भागाला पोलरायझर फिल्टर लावा, म्हणजे लेन्सवर बसणारी, एकाच दिशेत कंपणारा उजेड अडवू शकणारी फिरती काच. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, १.५ अपवर्तनांकाच्या पृष्ठावरून लंबाशी ५६ अंशांनी परतणारा उजेड पूर्ण ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत, पृष्ठाला समांतर होतात. कॅमेरा टेबलाच्या पातळीपासून ३४ अंश (९० वजा ५६) वर ठेवा आणि फिल्टर हळूहळू फिरवा: एका जागी चकाकी विरते, खालून सागाचे रेषे वर येतात. हे पाहण्यासारखे आहे. फिल्टर उजेड खातो, म्हणून शटर तिप्पट-चौपट वेळ उघडे ठेवावे लागते. समोरून काढलेल्या दारावर त्याचा उपयोग नाही, आणि पितळी मुठीवर तर जवळजवळ नाहीच, कारण धातू उजेड असा ध्रुवित करत नाही. मुठीसाठी काळ्या-पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे हातात धरून सरकवत राहा.

"एआय चकाकी काढतो" या जाहिरातींवर विसंबू नका. जिथे फोटो पांढराफटक झाला तिथले रेषे नोंदलेच गेलेले नसतात. ॲप तिथे मनाने रेषे काढतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचते ते दुसरेच लाकूड.