पेस्ट बदला, पण जुने पॅड फेकू नका

उन्हाळा लागला की दुकानाच्या काउंटरवर दोनच प्रश्न येतात. ग्राफिक्स कार्ड तापतंय, पेस्ट बदलू का? आणि नवं कार्ड घ्यायचं, की आहे त्यातूनच अजून थोडं काढता येईल? उभ्याउभ्या सांगितलेलं घरी पोचेपर्यंत डोक्यातून जातं, म्हणून हा कागद.

आधी पेस्टचं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, तुमचाही आणि आमचाही.

कार्डाचा हीटसिंक, म्हणजे उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा, मधल्या चिपवर (जीपीयू, म्हणजेच कोर) पेस्टने टेकतो, आणि भोवतीच्या मेमरी चिप्स व मॉस्फेटवर (चिपला वीज पुरवणारे छोटे भाग) पॅडने. पेस्ट आणि पॅड, दोन्ही उष्णता हीटसिंकपर्यंत नेतात. या सगळ्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे फट वेगळी आणि पॅडची जाडीही वेगळी: कुठे १ मिमी, कुठे १.५, कुठे २. घरी कार्ड उघडलं की जुने पॅड फाटतात, कचऱ्यात जातात, आणि ऑनलाइन मागवलेली २ मिमीची एकच शीट कापून सगळीकडे चिकटवली जाते. इथेच घोळ होतो. जाड पॅड हीटसिंकला उचलून धरतो, चिपवर पेस्टचा जाड थर राहतो आणि कार्ड पहिल्यापेक्षा जास्त तापतं. मग स्क्रू आणखी आवळले जातात. त्याने फट बुजत नाही, बोर्ड वाकतो, आणि चिपखालचं सोल्डर तडकलं तर ते काम पेस्टच्या खर्चात होत नाही.

उलट, पॅड पातळ पडला तर कोरचं तापमान छान दिसतं, पण मेमरीला हीटसिंक टेकतच नाही. अर्ध्या तासाने पडद्यावर चौकटी येतात किंवा स्क्रीन काळी होते, आणि संशय ड्रायव्हरवर जातो.

म्हणून उघडण्याआधी फोटो काढा. निघालेला प्रत्येक पॅड, तुकडे झाले तरी, कागदावर जिथल्या तिथे मांडा. दबलेल्या भागाची जाडी व्हर्निअरने मोजा. ती म्हणजे खरी फट. १.२ मिमी आली तर १.५ चा पॅड घ्या, आणि मऊ घ्या. पाकिटावर उष्णता वाहून नेण्याचा मोठा वॅटचा आकडा असलेले बरेच पॅड कडक असतात, ते दबत नाहीत. इंटरनेटवरची जाडीची यादी आंधळेपणाने वापरू नका, एकाच नावाच्या कार्डाच्या दोन आवृत्त्यांत पॅड बदललेले असू शकतात. जुने पॅड गेलेच असतील तर थर्मल पुट्टी, म्हणजे पॅडऐवजी लावायचा मऊ लगदा, लावा. ती फटीप्रमाणे स्वतः दबते. पॅडच्या कडेला तेलकट ओल दिसली तर घाबरू नका, ते पॅडमधलं सिलिकॉन तेल आहे.

पेस्ट लावताना प्रोसेसरवरचा वाटाण्याएवढा ठिपका इथे चालत नाही. कार्डाच्या चिपला वर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे कोपरे कोरडे राहिले की तेवढाच भाग भाजतो. चिप ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेस्ट पूर्ण चिपवर पातळ पसरा, चार स्प्रिंगचे स्क्रू तिरक्या जोडीने थोडेथोडे आवळा. एकदा परत उघडून ठसा बघा: चिपवर पेस्ट पातळ आणि सगळीकडे सारखी, प्रत्येक पॅडवर दाब उमटलेला. ठसा बरोबर असेल तर पुसून नवी पेस्ट लावा आणि बंद करा. पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, घरी नकोच. त्यातलं गॅलिअम अॅल्युमिनिअम खातं, आणि थेंब ओघळला तर शॉर्ट.

वारंवार पेस्ट वाळत असेल तर पेस्टऐवजी फेज-चेंज शीट, म्हणजे गरम झाल्यावर मऊ होणारी पातळ शीट, उदाहरणार्थ पीटीएम ७९५०, बसवा. महाग पडते, पण पेस्टसारखी चिपवरून सरकून बाहेर येत नाही. लावण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, वरची फिल्म सहज निघते.

काम जमलं का हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कळतं. कोर आणि हॉट स्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, यांत १० ते १५ अंशांचा फरक चालतो. २५ च्या वर गेला तर हीटसिंक नीट बसलेला नाही. कोर ७२ आणि हॉट स्पॉट १०४, हे आकडे घेऊन बरेच जण येतात, ‘पेस्ट खराब दिली’ म्हणत. पेस्ट बरी असते, पॅड जाड असतो. आणि खोली ४० अंशांवर असताना कार्ड हिवाळ्यापेक्षा १०-१५ अंशांनी गरम दिसणारच, त्याला बिघाड म्हणू नका. कॅबिनेटचं साइड पॅनेल काढून बघा. ५-६ अंश उतरले तर दोष कार्डाचा नाही, हवेचा आहे. पुढे दोन १२० मिमी फॅन लावा. धूळ ब्लोअरने उडवताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा. आणि नागपूरकडच्या मंडळींनो, कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. पाण्याचे तुषार आणि क्षार दोन्ही आत जातात.

आता ‘ओव्हरक्लॉक करून द्या’, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून द्या, याविषयी. बजेट कार्डात त्यातून थोड्याच फ्रेम मिळतात आणि उष्णता मात्र भरपूर. आम्ही उलट व्होल्टेज उतरवायला सांगतो. उदाहरणार्थ आरटीएक्स ३०६०: आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा आलेख (कर्व्ह) उघडा, कोर क्लॉक उणे २०० करा, ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर ओढा, अप्लाय करा, उजवीकडची रेघ सपाट होते. गेम बंद पडला तर १५-१५ मेगाहर्ट्झने खाली या. दोन-तीन दिवस नीट चालेपर्यंत ‘स्टार्टअपला लागू’ची खूण करू नका. मेमरी क्लॉक वाढवताना फ्रेम मोजत जा. काही कार्डांत चुका आतल्या आत दुरुस्त होतात; पडदा ठीक दिसतो, वेग मात्र घटतो.

नवं कार्ड घ्यायचंच असेल तर आधी गेम चालू ठेवून जीपीयूचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड बदलून फरक पडेल. ६०-७० वर अडकत असेल तर कार्ड रिकामं बसलंय, अडथळा दुसरीकडे आहे; रॅमची एकच स्टिक असेल तर दुसरी, जोडीची, लावा. आमची विक्री त्यात लहान होते, पण कार्ड परत करायला कोणी येत नाही.

एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, त्यावर लिहिलेल्या वॅटवर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर गुणिले १२ करा. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट लागतात, चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर चालतं. ३०६० ला १७० लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. साटा (हार्ड डिस्कला वीज देणारा कनेक्टर) ते ८ पिन (कार्डाला वीज देणारा) अॅडॉप्टर आम्ही विकत नाही: साटा कनेक्टर ५४ वॅटचा, ८ पिन १५० चा, आणि मधली वायर वितळू शकते. जुन्या पीसीआयई ३ स्लॉटच्या मदरबोर्डवर आरएक्स ६५०० एक्सटी नको, त्याला डेटाच्या चारच लेन मिळतात आणि जुन्या स्लॉटवर त्या हळू चालतात.

जुनं आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेडमध्ये शेडर, म्हणजे चिपमधल्या छोट्या गणक युनिट्सची संख्या, बघा. २३०४ असायला हवेत. २०४८ दिसले तर ते कमी दर्जाचं व्हर्जन आहे, भाव त्याप्रमाणे करा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरिअम या आभासी चलनाचं कार्डांवर होणारं मायनिंग बंद झाल्यावर बाजारात आलेल्या अशा कार्डांत बदललेला बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) असू शकतो. तो आम्ही मूळ करून देतो.

तपासणीला आम्ही एक दिवस ठेवून घेतो. कार्ड तासभर तापवून, थंड करून पुन्हा तापवतो, कारण पॅड पहिल्या गरमीनंतर बसतात. येताना कार्ड, काढलेले सगळे पॅड, स्क्रू आणि खरेदीचं बिल आणा. स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर शाबूत असेल तर घरी उघडू नका, आधी बिल दाखवा.