हायब्रिड यीस्ट वेगळं, जीएम यीस्ट वेगळं

परवा बाणेरच्या एका ब्रूपबमध्ये मित्राने लागर बिअरचा ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "लोणी आहे रे यात!" खरंच, विरजणाच्या ताज्या लोण्याचा वास. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी लगेच निकाल दिला, "हायब्रिड यीस्ट, म्हणजे जीएम. त्याचाच हा परिणाम." एका दमात दोन चुका. (यीस्ट म्हणजे बिअर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, आणि जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं.)

शेतकरी हा घोळ सहसा घालत नाही. हायब्रिड ज्वारीत दोन ज्वारींचा संकर असतो. बीटी कापूस मात्र जीएम, त्यात मातीतल्या जिवाणूचं जनुक आणून बसवलेलं असतं. यीस्टचंही तसंच.

लागरचं यीस्ट मुळातच हायब्रिड आहे. एल या दुसऱ्या प्रकारच्या बिअरचं सॅकरोमायसीस सेरेव्हिसी आणि थंडीत तग धरणारं सॅकरोमायसीस युबायानस यांचा संकर काही शतकांपूर्वी आपोआप झाला. यातलं दुसरं यीस्ट ओळखलं गेलं थेट २०११ साली, दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात! म्हणजे काका आयुष्यभर हायब्रिडचीच बिअर पीत आलेत.

आता तो वास. तो डायअसिटिलचा, लोण्याला लोण्याचा वास देणारं रसायनही हेच. आंबताना यीस्ट असिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं सावकाश डायअसिटिल होतं, आणि पुढे यीस्टच ते परत शोषून घेतं. त्यासाठी ब्रूअर शेवटी तापमान थोडं वाढवून दोन-तीन दिवस थांबतो. आमच्या ग्लासाच्या बाबतीत बहुधा घाई झाली.

काही जिवाणूंकडे एएलडीसी नावाचं एन्झाइम असतं. ते असिटोलॅक्टेटचं थेट असिटोइन करतं, ज्याचा वास जवळपास जाणवत नाही. या एन्झाइमचं जनुक यीस्टमध्ये बसवलं, की झालं जीएम यीस्ट, आणि थांबणंही वाचतं. थोडक्यात, काकांनी ज्याला दोष दिला त्यानेच हा वास टाळला असता. (हेच एन्झाइम बाहेरून टाकीत ओतलं, तर यीस्ट मात्र जीएम होत नाही.)

२०१८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी पुदिन्याची आणि बेझिलची, म्हणजे आपल्या सब्ज्याची, जनुकं यीस्टमध्ये घालून हॉप्सशिवाय (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांशिवाय) हॉप्सचा स्वाद आणला. भारतात असं जनुक बदललेलं यीस्ट वापरायचं तर जनुक बदललेल्या जीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांखाली मंजुरी लागते.

मित्राने ग्लास परत पाठवून गव्हाची बिअर मागवली. तिला लवंगेचा वास येत होता. तोही यीस्टचाच, पण काकांना ते सांगितलं नाही.