घरगुती कोलॉइडल सिल्व्हर आणि पीपीएमचा घोळ

कोलॉइडल सिल्व्हर म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं पाणी, लोक ते औषध म्हणून पितात. पेनिसिलिनच्या आधी डॉक्टर चांदीची औषधं द्यायचे, अँटिबायोटिक्स आली आणि ती मागे पडली, एवढा जुना इतिहास पुरे.

खरी मजा १९९० नंतरची. अमेरिकेत लोक घरीच बनवायला लागले, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, चांदीच्या दोन तारा आणि काचेच्या बरणीत डिस्टिल्ड वॉटर, थोड्या वेळाने तारेवरून धुरासारखी करडी रेघ खाली उतरते. पण स्ट्राँग किती झालं हे कळायचं कसं? आधी रंग बघायचे, फिकट पिवळं आलं की झालं. मग अंधारात लेझर मारायचा, पाण्यात रेघ दिसली की कण आहेत. आहेत एवढंच हं, किती ते नाही.

मग आला टीडीएस मीटर, आपल्याकडे आरओवाला ग्लासात बुडवून दाखवतो ना, तोच. घोळ इथूनच. स्क्रीनवर पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग, पाण्यात साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) येतं म्हणून लोकांनी ते चांदीचं धरलं, पण मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच बघतो आणि मीठ वगैरे क्षारांच्या हिशोबाने आकडा दाखवतो. विरघळलेले आयन, म्हणजे वीजभार असलेले अणू, त्याला कळतात, कण जवळजवळ नाहीच. त्यात लवकर व्हावं म्हणून काही जण चिमूटभर मीठ टाकायचे, पाणी दुधाळ व्हायचं, मीटर टणकन वर आणि माणूस खूश! तो आकडा मिठाचा होता राव.

त्यातल्या त्यात धड हिशोब करंटचा. १ मिलिअँपिअर तासभर चालला की तारेतून साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते, म्हणजे लिटरभर पाण्यात फार तर ४ पीपीएम, कारण थोडी तळाशी बसते, थोडी दुसऱ्या तारेला चिकटते. यात नवीन काही नाही, १८९३ साली अँपिअरची व्याख्याच चांदीवर बेतली होती, १ अँपिअरने सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने जाहीर केलं की दुकानात मिळणारी असली औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. त्याच वर्षी वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर गडबडतील या धास्तीने अमेरिकेच्या माँटाना राज्यातला एक जण घरी बनवून प्यायला लागला, २००२ मध्ये सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा चेहरा निळा-करडा झालेला. हा रंग जात नाही. आणि तो येतो अंगात साचलेल्या एकूण चांदीने, त्यामुळे ग्लासात पीपीएम कमी असलं तरी रोज प्यायलं की बेरीज वाढतच जाते.