साथरोगकालीन शालेय व्यवस्था : शासकीय मार्गदर्शन व साहाय्य

मोठ्या साथीच्या काळात शाळा बंद करणे, चालू ठेवणे किंवा पुन्हा उघडणे यांविषयी शासनाने काढलेले आदेश व सूचना, तसेच त्या सूचना पाळता याव्यात म्हणून शाळांना पुरवलेला पैसा, मनुष्यबळ, आरोग्यसेवा, आहार व अध्यापनसाहित्य यांचा विचार या नोंदीत केला आहे. या विषयावरील लेखनाचा मोठा भाग शाळाबंदीच्या उपयुक्ततेभोवती फिरतो. साहाय्याची बाजू त्या मानाने उपेक्षित राहिली आहे. बंदीचा आदेश एका दिवसात निघतो. मात्र आदेशासोबत साधने आली नाहीत, तर त्याचा सगळा भार मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि अखेरीस मुलांवर पडतो. मागील शे-सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

शासनाने शाळेकडे साथनियंत्रणाचे ठिकाण म्हणून केव्हापासून पाहिले, याबद्दल मतभेद आहेत. ब्रुसेल्स शहराने १८७४ च्या सुमारास शाळांसाठी वैद्य नेमले. शालेय आरोग्यसेवेचा इतिहास लिहिणारे यूरोपीय लेखक बहुधा तेथूनच प्रारंभ मानतात. अमेरिकन लेखक बॉस्टनला अग्रक्रम देतात. तेथे घटसर्पाच्या साथीनंतर १८९४ मध्ये शहराचे ५० विभाग पाडून प्रत्येकासाठी एक वैद्यकीय निरीक्षक नेमण्यात आला. त्याने रोज शाळेत जाऊन शिक्षकाने बाजूला काढलेल्या मुलांची तपासणी करावी, अशी योजना होती. ब्रुसेल्सच्या वैद्यांकडे इमारतीची स्वच्छता, प्रकाश, हवा अशी व्यापक कामे होती. बॉस्टनची योजना मात्र थेट संसर्ग रोखण्यासाठी आखलेली होती. त्यामुळे शालेय आरोग्यसेवेचा उगम ब्रुसेल्सकडे आणि साथकालीन शालेय व्यवस्थेचा उगम बॉस्टनकडे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या तपासणीतील मोठी उणीव न्यूयॉर्कमध्ये उघड झाली. खुपऱ्या, नायटा, खरूज, उवा यांपैकी काही आढळले की निरीक्षक मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवीत. कित्येक घरांत ती चिठ्ठी वाचता येत नसे, आणि वाचली तरी उपचाराला पैसा नसे. मूल आठवडेच्या आठवडे घरी राही आणि दुपारनंतर रस्त्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर खेळे. म्हणजे शिक्षण बुडे आणि संसर्गही थांबत नसे. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत प्रायोगिक तत्त्वावर नेमण्यात आले. किरकोळ विकारांवर ती शाळेतच औषध लावी आणि उरलेल्या मुलांच्या घरी जाऊन आईला उपचार दाखवून देई. महिन्याभराच्या अनुभवावरून शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळेतून वगळलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती, ती पुढील वर्षी त्याच महिन्यात १,१०१ वर आली. वगळण्याचा नियम कायमच होता. फक्त त्याच्यामागे आता एक माणूस उभे होते. साहाय्याने मार्गदर्शनाला अर्थ कसा येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण या विषयाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

इंग्लंडमध्ये प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांचे सरकारी अनुदान बऱ्याच अंशी उपस्थितीशी जोडलेले होते. गोवर किंवा डांग्या खोकल्याची साथ आली की वर्ग रिकामे होत आणि अनुदान घटे. आजारी मुलाला घरी पाठवण्यात शाळेचेच नुकसान होते. आरोग्य अधिकाऱ्याचा सल्ला आणि शिक्षणखात्याचा हिशेब यांतील ही विसंगती कमी करण्यासाठी पुढे साथीमुळे घटलेली उपस्थिती विचारात घेण्याच्या तरतुदी झाल्या. १९०९ मध्ये आरोग्य व शिक्षण या दोन्ही बाजूंच्या वैद्यकीय प्रमुखांनी काढलेल्या संयुक्त टिपणात सरसकट शाळाबंदीपेक्षा निवडक मुलांना वगळण्यावर भर होता.

१९१८ चा वाद : इन्फ्ल्यूएंझाच्या १९१८–१९ च्या महासाथीत अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. एस. जोसेफिन बेकर यांची भूमिका अशी, की शहरातील सुमारे १० लाख विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या, अंधाऱ्या भाडोत्री इमारतींत राहतात. त्यांना तेथे कोंडण्यापेक्षा स्वच्छ, हवेशीर आणि रोज तपासणी होणाऱ्या शाळेत ठेवणे बरे. मुलांनी आवारात घोळका न करता थेट वर्गात यावे, शिक्षकाने प्रत्येकाकडे पाहावे आणि लक्षणे दिसताच मुलाला वेगळे करावे, असा क्रम ठरवून दिला होता. हे करणे न्यूयॉर्कला शक्य झाले, कारण डॉक्टर व परिचारिकांचे जाळे तेथे आधीच्या दोन दशकांत उभे राहिले होते. ही बाब वादात बहुधा मागे पडते.

वैद्यकीय इतिहासकार हॉवर्ड मार्केल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ४३ अमेरिकन शहरांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपाय लवकर योजले, एकापेक्षा अधिक योजले आणि दीर्घकाळ टिकवले, तर मृत्यू कमी झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शाळाबंदीच्या समर्थनार्थ हा अभ्यास वारंवार पुढे केला जातो. परंतु ४३ पैकी ३४ शहरांत शाळाबंदी आणि सार्वजनिक सभांवरील बंदी एकाच वेळी अंमलात होती. त्यामुळे एकट्या शाळाबंदीचा परिणाम वेगळा काढणे जवळजवळ अशक्य ठरते. याच अभ्यासात दर लाख लोकसंख्येमागे अतिरिक्त (नेहमीच्या प्रमाणाहून अधिक झालेले) मृत्यू सेंट लुईसमध्ये ३५८, न्यूयॉर्कमध्ये ४५२ आणि पिट्सबर्गमध्ये ८०७ दिले आहेत. सेंट लुईसने शाळा लवकर बंद केल्या होत्या, न्यूयॉर्कने केल्याच नाहीत. तरी पूर्व किनाऱ्यावरील शहरांत न्यूयॉर्कचा आकडा सर्वांत कमी होता. यावरून बंदी निरुपयोगी होती असे म्हणता येत नाही. मात्र बंदी हाच निर्णायक घटक होता, हे मतही या पुराव्यावर टिकत नाही.

बंदीचे प्रकार व परिणाम : साथ शाळेत पोहोचण्यापूर्वी केलेली ती प्रतिबंधक बंदी, रुग्ण आढळल्यावर किंवा शिक्षकच अपुरे पडल्यावर केलेली ती प्रतिक्रियात्मक बंदी. दुसरीचा संसर्गावर होणारा परिणाम सामान्यतः कमी असतो, कारण तोवर प्रसार होऊन गेलेला असतो. फ्रान्समधील शालेय सुट्ट्या आणि हंगामी इन्फ्ल्यूएंझा यांच्या नोंदी जुळवून २००८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, महासाथीत दीर्घ शाळाबंदीमुळे एकूण रुग्णसंख्या १३ ते १७ टक्क्यांनी, तर साथीच्या शिखरावरील रुग्णांचे प्रमाण ३९ ते ४५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. म्हणजे बंदीचा मुख्य लाभ साथ टळण्यात नसून ती पसरट होण्यात, अर्थात रुग्णालयांना उसंत मिळण्यात आहे.

हे गणित इन्फ्ल्यूएंझाचे आहे. त्यात लहान मुले प्रसाराच्या केंद्रस्थानी असतात. कोव्हिड-१९ मध्ये मुलांची भूमिका त्याहून वेगळी निघाली. सुरुवातीच्या एका आढाव्यात एकट्या शाळाबंदीने केवळ २ ते ४ टक्के मृत्यू टळतील, असे गणिती प्रतिमानांच्या (मॉडेल्सच्या) आधारे नमूद केले होते. तरीही २०२० मधील अनेक देशांच्या योजना इन्फ्ल्यूएंझा गृहीत धरून आधीच तयार केलेल्या होत्या. मार्च २०२० मधील निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागले, हे मान्य केलेच पाहिजे. माहिती सुधारल्यावर ते किती लवकर बदलले, या कसोटीवर देशादेशांत फार मोठा फरक पडला. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मेच्या प्रारंभी १४ दिवसांपर्यंत बंदीचा सल्ला दिला आणि आजार अपेक्षेपेक्षा सौम्य दिसताच काही दिवसांतच तो मागे घेतला. कोव्हिडकाळात डेन्मार्कने धाकट्या मुलांचे वर्ग १५ एप्रिल २०२० पासून उघडले आणि स्वीडनने त्यांची शाळा बंदच केली नाही. युगांडात मात्र पूर्ण वा अंशतः बंदी मार्च २०२० पासून १० जानेवारी २०२२ पर्यंत लांबली.

दूरशिक्षण : पोलिओच्या साथीमुळे १९३७ मध्ये शिकागोतील शाळा उशिरा उघडल्या, तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,२५,००० मुलांसाठी स्थानिक नभोवाणी केंद्रांवरून पाठ देण्यात आले. पाठांचे वेळापत्रक वृत्तपत्रांत छापले जाई, आणि पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसवले होते. घरात रेडिओ नसलेली मुले मागे पडल्याची तक्रार तेव्हाही झाली होती. २०१४–१५ च्या इबोला साथीत गिनी, लायबेरिया व सिएरा लिओनमधील सुमारे ५० लाख मुलांची शाळा सुटली, तेव्हाही रेडिओचाच आधार घेतला गेला. कोव्हिडकाळात साधने बदलली, अडचण तीच राहिली. युनिसेफच्या २०२० मधील अंदाजाप्रमाणे किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत दूरशिक्षण पोहोचूच शकले नाही. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचे शिक्षण मंत्रालय) जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचना काढून पडद्यासमोरील वेळ ठरवून दिला : पूर्वप्राथमिकसाठी ३० मिनिटांपर्यंत, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन तासिका, नववी ते बारावीसाठी चार. ज्या घरात सर्व भावंडांत मिळून एकच फोन होता, तेथे ही मर्यादा आपोआपच पाळली गेली.

आहार व निधी : एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतील जवळजवळ १६० कोटी विद्यार्थी शाळेबाहेर होते, त्यांपैकी सुमारे ३७ कोटी मुलांचे शाळेतील जेवण थांबल्याचा अंदाज जागतिक अन्न कार्यक्रमाने दिला आहे. शाळा बंद असताना आहाराचा हक्क कसा पोचवायचा, याचे उत्तर भारतात कायद्यात आधीच होते : २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार जेवण न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता देय असतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतल्यावर केंद्राने राज्यांना शिजवलेले अन्न किंवा भत्ता देण्यास सांगितले, आणि अनेक राज्यांनी कोरडा शिधा वाटला. इंग्लंडमध्ये पात्र मुलांना आठवड्याला १५ पौंडांची कुपने देण्यात आली. ती उन्हाळी सुट्टीत चालू ठेवण्यासाठी फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांना जून २०२० मध्ये मोहीम चालवावी लागली.

रोख साहाय्यात अमेरिकेचा आकडा सर्वांत मोठा गणला जातो. मार्च २०२० ते मार्च २०२१ दरम्यान तीन कायद्यांद्वारे शालेय निधीपोटी सुमारे १९० अब्ज डॉलर मंजूर झाले. वाटप गरीब विद्यार्थ्यांच्या प्रमाणाशी जोडलेल्या जुन्या सूत्राने झाले, आणि शेवटच्या हप्त्यातील शाळा-जिल्ह्यांच्या (स्थानिक शालेय प्रशासनांच्या) वाट्याचा किमान २० टक्के भाग अध्ययन-हानी, म्हणजे बुडालेले शिक्षण, भरून काढण्यावर खर्च करणे बंधनकारक होते.

पुनरारंभाचे निकष : अंतराचा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण शाळा भरणार की नाही हे त्यावरच ठरले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा फुटांचे अंतर सांगितले आणि १९ मार्चला ते बहुतेक वर्गांसाठी तीन फुटांवर आणले. अंतर निम्मे झाले की मोठ्या खोलीत तत्त्वतः जवळजवळ चौपट बाके मांडता येतात. निम्म्या मुलांना एक दिवसाआड बोलावणाऱ्या शाळा या एका दुरुस्तीने रोज पूर्ण भरू शकल्या. वायुवीजनाकडे लक्ष उशिरा गेले. इंग्लंडने ऑगस्ट २०२१ मध्ये शाळांसाठी सुमारे ३,००,००० कार्बन डायऑक्साइड मापक जाहीर केले. मापक कोंदट हवा दाखवतो. ती बाहेर काढायला उघडणारी खिडकी किंवा पंखा लागतो.

पुनरारंभाच्या नियमांतून काही मुले कायमची बाहेर पडण्याचा धोकाही असतो. इबोलानंतर सिएरा लिओनमध्ये शाळा एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या, परंतु बंदीच्या काळात गरोदर राहिलेल्या मुलींना नेहमीच्या वर्गात बसण्यास शासनानेच मनाई केली. पश्चिम आफ्रिकी राज्यसमूहाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही मनाई भेदभावाची ठरवली आणि ती मार्च २०२० मध्ये उठली. तोवर पाच शैक्षणिक वर्षे गेली होती.

परीक्षा : लेखी परीक्षा रद्द झाल्यावर इंग्लंडमध्ये २०२० साली ए-लेव्हलचे (विद्यापीठप्रवेशापूर्वीच्या शालान्त परीक्षेचे) निकाल संख्याशास्त्रीय सूत्राने ठरवण्यात आले. सूत्रात शाळेच्या आधीच्या वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. त्यामुळे कमी निकालाच्या शाळेतील हुशार मुलाची श्रेणी शिक्षकाने दिलेल्या श्रेणीपेक्षा खाली येऊ शके. फारच लहान वर्गांना मात्र शिक्षकांच्या श्रेणी तशाच मिळाल्या आणि असे वर्ग खासगी शाळांत अधिक होते. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरण्यात आल्या.